शिलाई शाबूत होती

झड लागली की मला भीती वाटायला लागते. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना घाम सुटतो, माचिसच्या काड्या पेटेनाशा होतात, आणि मी खाटेवर बसून फोनकडे पाहत राहतो. पाऊस चालू असतो तोवर निभतं, कारण भर पावसात कोणी झाडावर चढत नाही. पण उघाड पडली की गोठ्यागोठ्यातून शेळ्या ओरडायला लागतात, माणसं कमरेला कोयता लावून पाला तोडायला कडुनिंबाकडे, बाभळीकडे निघतात. त्यांतल्या काहींच्या कमरेला मी रंगवलेली म्यानं आहेत. किती जणांच्या, ते मला ठाऊक नाही.

वडनेरला आमची टिनाची शेड होती. मी आणि माझा धाकटा भाऊ वामन, दोघंच. रंगाचं काम माझं, शिवणाचं त्याचं. कोयत्याची आणि विळ्याची म्यानं, कंबरपट्टे, बैलांच्या गळ्यातले घुंगरपट्टे, पैसे ठेवायच्या थैल्या. हिंगणघाटचे दुकानदार माल उचलून न्यायचे, पण खरं गिऱ्हाईक आसपासच्या गावांतलं. वामनच्या शिवणीला एक ओळख होती. म्यानाच्या तोंडाशी तो दोऱ्याची फुली घालायचा, गोधडीच्या कोपऱ्यावर बाया घालतात तशी. ती फुली पाहून लोक म्हणायचे, हे वडनेरचं म्यान.

आणि रंग पाहून माझं नाव घ्यायचे. मला ते आवडायचं, फार आवडायचं.

काळा रंग करायला वेळ लागतो. मातीच्या माठात गंजके खिळे, बैलांच्या जुन्या नाला, तुटक्या वखराच्या पासेचे, म्हणजे पात्याचे, तुकडे टाकायचे, वर गूळ आणि पाणी, आणि फडकं बांधून माठ विसरून जायचा. पहिल्यांदा त्याला दारूसाठी आंबवलेल्या मोहाच्या सड्यासारखा वास येतो, मग आंबूस, मग एक दिवस वास मरतो आणि वर जांभळट साय धरते. ते लोखंडाचं पाणी. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आधी हिरड्याच्या काढ्यानं पुसून घ्यायचं आणि ओलं असतानाच त्यावर हे पाणी फिरवायचं. पाहता पाहता कातड्यावर ढग येतात. आधी राखेसारखं, मग निळसर, मग काळं. बाहेरून दिलेला रंग तो नव्हेच, कातड्यातलाच कस आणि लोखंड एकमेकांना धरतात. एकदा धरलं की थांबवावं लागतं, हे वडिलांनी शिकवलं होतं. नितळ पाणी उतरेपर्यंत धुवायचं, पापडखाराच्या पाण्यातून काढायचं, पुन्हा धुवायचं, सावलीत वाळवायचं, आणि किंचित दमट असतानाच जवसाचं तेल चोळायचं. धुतलं नाही तर लोखंड आतल्या आत कातडं खात राहतं. वरून काहीच दिसत नाही.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. कोणी असं समजू नये, की मी अडाण्यासारखा चुकलो.

ती झड श्रावणातली होती, चार-पाच वर्षांमागची. आमच्या भागात पोळ्याला मालक आपल्या गड्याला नवे कपडे करतो. त्यासोबत कमरेचं नवं म्यानही द्यायची पद्धत तेव्हा चांगलीच रुजली होती. पोळ्याच्या दिवशी गडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरतो, त्याच्या अंगावर सगळ्या गावाची नजर असते. मालकालाही आपलं देणं दिसावं असं वाटतं. म्हणून सगळ्यांना म्यान काळं हवं, चकचकीत हवं, आणि पोळ्याच्या आधी हवं. आषाढातच मी सगळ्यांना हो म्हणून बसलो होतो.

आणि झड हटेना. शेडमध्ये दोऱ्यांवर कातडी टांगलेली, सगळी ओली. त्यांच्यावर पांढरी बुरशी यायची, मी पुसायचो, सकाळी पुन्हा यायची. माठातलं पाणी थंडीनं आंबायचं थांबलं होतं. वामन कातड्याचा तुकडा गालाला लावून पाहायचा. हाताला कळत नाही ती ओल गालाला कळते.

"दादा, वाळलं नाई अजून. सुई घातली की भोक मोठं होते."

"होते वाळून. तू बाकीचे कापून ठेव."

"कापून ठेवलेत ना सारे. आता तुह्या रंगापायीच बसून राह्यलो."

चिडून नाही बोलला तो, हसत बोलला. पण मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी हिंगणघाटला जाऊन हिराकस आणलं. लोखंडाचाच तयार क्षार, हिरवट खडे असतात, ओल्या मिठासारखे. वडील ते चिमूटभर वापरायचे, तेही कधी माठ बिघडला तरच. मी उकळत्या पाण्यात ओंजळी-ओंजळीनं टाकलं आणि कातडी त्यात बुडवली. मी वाकलेला सरळ होईपर्यंत ती काळी झाली होती. काजळासारखी. इतका गडद काळा माझ्या हातून कधीच उतरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

आता धुवायला हवं होतं. हिराकसानंतर तर दुप्पट धुवायला हवं होतं. पण धुतलं तर पुन्हा ओलं, पुन्हा बुरशी, आणि पोळा तर तोंडावर. मी शेगडी पेटवली, कातडी तिच्यावर धरून वाळवली, वर तेल आणि लाखेचा हात दिला. चमक अशी आली की तोंड दिसावं.

वामननं एक तुकडा हातात घेतला, उलटा करून पाहिला, हुंगला. "धुतलं का रे दादा?"

"धुतलं."

एवढंच बोललो. वामननं शिवायला घेतलं.

त्या वर्षीचा पोळा मला नीट आठवतो. सकाळी पावसानं उसंत घेतली होती. आखरावर, गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली बैलांच्या जोड्या, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. गडी पांढऱ्या कपड्यांत, आणि प्रत्येकाच्या कमरेला मागच्या बाजूला माझा काळा रंग. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "रंगाऱ्यानं काजळ घातलं बाप्पा." मी हात जोडले. तोरण तुटलं, बैल निघाले, आणि ती म्यानं माझ्या डोळ्यांसमोरून हलत हलत गावभर पांगली.

गावात राहिली असती तरी बरं झालं असतं. पण गडी सालानं असतो. पाडवा आला की साल संपतं, तो दुसऱ्या मालकाकडे, दुसऱ्या गावी जातो, आणि कमरेचं म्यान त्याच्यासोबत जातं. दोन पाडव्यांत आमची म्यानं कुठल्या कुठे गेली. कोणी वर्ध्याकडे, कोणी समुद्रपूरकडे, कोणी सासुरवाडीला.

सोनबाला अपघात झाला तो पुढच्या एका पावसाळ्यात, झड उघडल्यावर. सोनबा गोंड गडी, वडनेरजवळच्याच एका शेतात कामाला. शेळ्यांशी तो गोंडीत बोलायचा आणि आमच्याशी मराठीत. शेळ्यांशी जास्त बोलायचा. कडुनिंबावरून पाला तोडून तो खोडाला मिठी मारून उतरत होता. म्यानाचा खालचा कोपरा उकलला आणि कोयत्याचं पातं कमरेखाली शिरलं. त्या कळीनं हात सुटले. जीव वाचला. उजवा पाय मात्र आता पुरा टेकत नाही.

मी दवाखान्यात गेलो. वरांड्यात त्याची बायको बसली होती, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत त्याचे कपडे आणि म्यान. मी म्यान मागून घेतलं. दोरा जागच्या जागी होता, एक टाकासुद्धा सुटला नव्हता. तुटलं होतं ते शिलाईच्या शेजारचं कातडं, भोकाभोकानं, एसटीचं तिकीट फाटावं तसं. मी कडेला बोट दाबलं. वरून काळं, चमकदार, आणि आत राखाडी भुगा. पापड मोडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, वरांड्यातल्या सगळ्यांना तो ऐकू गेला.

सोनबाचा मालक मागे उभा होता. "शिलाई उसवली वाटते," तो म्हणाला.

मला नाही म्हणायचं होतं. माझ्या तोंडून आलं, "हाव, तसंच दिसते."

म्यान मी पिशवीत घालून आणलं. वामननं ते पाहायला मागितलं तेव्हा सांगितलं, त्या लोकांनी फेकून दिलं. त्यानंतर तो प्रत्येक शिवण दोनदा घालायला लागला. मग तीनदा. शिवलेलं उसवून पुन्हा शिवायचा. एका दिवाळीनंतर त्यानं शिवायची आरी कापडात गुंडाळून ठेवली ती ठेवलीच. शेडही मग बंद झाली. आता तो मुलाच्या किराणा दुकानात बसतो. पुडी बांधताना दोऱ्याला दोन गाठी मारतो, आणि ओढून पाहतो. गिऱ्हाइकं त्याची थट्टा करतात. "वामनभाऊ, साखर काई पळून जात नाई, एकच गाठ मारा." तोही हसतो, आणि दुसरी गाठ मारतो. मी समोरच्या बाकावर बसून हे रोज पाहत आलो.

वडनेरची शिलाई कच्ची, ही गोष्ट गावोगाव गेली. सुरुवातीला मला त्यात आधार वाटला, हे लिहायला हवं. वाटलं, लोक घाबरून म्यानं टाकून देतील. पण शेतातली माणसं चांगली वस्तू टाकत नाहीत, दुरुस्त करतात. एका बाजाराच्या दिवशी हिंगणघाटला चांभाराच्या पालासमोर मी उभा राहिलो, तर त्याच्या गुडघ्यांत आमचं म्यान. तोंडाशी वामनची फुली. तो जुन्या शिलाईशेजारी नवी शिलाई घालत होता. आरी आत जाताना कट कट आवाज येत होता. जिवंत कातडं आरीला धरून ठेवतं, ते असा आवाज करत नाही. मेलेल्या कातड्याला तो आणखी भोकं पाडत होता, आणि म्यानाचा धनी शेजारी निवांत उभा होता, आता आपलं म्यान पक्कं झालं म्हणून.

मी तिथूनही न बोलता निघालो. माझ्या एका शब्दानं लोकांना चुकीच्या जागी भिववलं होतं, आणि जिथे भ्यायला हवं तिथे निर्धास्त केलं होतं.

त्यानंतर मी माणसांच्या कमरा पाहत हिंडू लागलो. बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात. पिशवीत तयार म्यानं घेऊन जायचो, मशीनची शिलाई असलेली, तपकिरी. कोणाच्या कमरेला आमचं दिसलं की म्हणायचो, हे नवं घ्या, ते जुनं मला द्या, आठवण म्हणून ठेवायचं आहे. काहींनी दिली. ती मी घरी आणून वाकवायचो, आणि प्रत्येक वेळी तोच आवाज. माझी बायको शांता म्हणायची, "म्हातारपनी लोकाइच्या कमरा पाहून राह्यले. कोनी हानल एखाद दिवशी." तिला मी कारण सांगितलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात वर्ध्याहून आंजीच्या एसटीत दौलत भेटला. माझ्यापुढे दांड्याला धरून उभा होता, तिशीचा असेल. कमरेला काळं म्यान, तेल पाजून पाजून चकाकत ठेवलेलं. खड्ड्यात गाडी आदळली की त्याचा खालचा कोपरा हलायचा, आणि मी डोळे मिटून घ्यायचो.

"बाबाजी, कमर काऊन पाहून राह्यले माही?"

"म्यान पाहून राह्यलो. बदलून देतो, नवं हाय माह्याजवळ."

"काऊन?"

"असंच."

"फुकटात देनारा मानूस म्या अजून पाह्यला नाई," तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. "माह्या पयल्या मालकानं पोळ्याले देल्लं हे. याच्यात काय खोट हाय ते सांगा, मंग देतो."

गाडीभर लोक माझ्याकडे पाहत होते. कोणी ओळखीचं नव्हतं. खरं सांगून माझं काहीही गेलं नसतं. तरी मी म्हणालो, "शिलाई कच्ची हाय त्याची."

"मंग शिवून घेतो ना," दौलत म्हणाला. "दौलत नाव माहं. आंजीच्या गुरुजीच्या वावरात असतो मी, कवा आले तर पाह्यजो." आणि उतरून गेला.

त्या दिवसापासूनची भीती निराळी होती. आधी वाटायचं, कोणाला तरी काहीतरी होईल. आता त्या भीतीला चेहरा होता, नाव होतं, आणि आता आरी लागणार ते म्यान होतं. ते शिवून घे असं जणू मीच त्याला सांगितलं होतं. मला फार वेळा वाटलं की लोकांच्या जिवाची भीती मला खरी वाटते. पण खरी भीती दुसरीच होती, आणि ती जिंकत आली होती. रंगाऱ्यानं काजळ घातलं असं जे म्हणाले होते, ते मला आता काय म्हणतील ही.

यंदा झड लागली तेव्हा मी वामनच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. तो पोत्यावर बसून चहा पीत होता. मी उभ्यानंच सांगितलं. हिराकस, शेगडी, न धुतलेलं कातडं, दवाखान्यातलं म्यान, एसटीतला दौलत. चहावर साय धरली.

शेवटी म्हणाला, "दोरा शाबूत होता?"

"सारा."

"फुली?"

"ते बी."

त्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. तो छत्री शोधायला लागला.

"आंजीची गाडी कवा हाय?"

"अरे, पाऊस..."

"पाऊस उघडला की तो झाडावर जाईन," वामन म्हणाला.

पाऊस वर्ध्यातच उघडला. आंजीला उतरेपर्यंत ऊन पडलं होतं. गुरुजींचं वावर विचारत आम्ही चिखलातून गेलो. वामन पुढे, मी मागे. दुरूनच झाड हलताना दिसलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुना कडुनिंब, खाली शेळ्या, तोडलेला पाला, आणि वर फांद्यांत पांढरा बनियन. गुरुजी खाली उभे होते, निंदायला आलेल्या दोन बाया तुरीच्या तासात बसल्या होत्या. आम्ही जवळ पोचलो तेव्हा दौलत एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं कोयता पाठीमागे नेत होता.

"म्यानात घालू नको," वामन ओरडला. "खाली फेक कोयता."

हात तिथेच थांबला. "काऊन? कोन तुमी?"

"ते म्यान शिवलं तो मी."

"मंग तुमचीच शिलाई कच्ची निंघाली जी," दौलत वरून म्हणाला. "म्या डबल मारून घेतली. आता काई होत नाई." बाया हसल्या. कोयता पुन्हा पाठीमागे गेला.

वामन वळून माझ्याकडे पाहत उभा राहिला.

मी म्हटलं, "शिलाई कच्ची नोती. म्या खोटं सांगतलं तुले एसटीत. रंगानं कातडं म्या जाळलं, धुतलं नाई. मेलं हाय ते आतून. याच्या हाताची शिलाई शाबूत होती, साऱ्याच म्यानाची शाबूत होती. सोनबा पडला तो माह्यापायी."

मग कोयता खाली आला आणि चिखलात उभा रुतला. दौलत रिकाम्या म्यानानिशी उतरला. वामननं त्याच्या कमरेचं म्यान काढून घेतलं, दोन्ही हातांत धरलं आणि वाकवलं. नव्या शिलाईच्या ओळीनं ते सरळ मोडलं. दौलत त्या तुकड्यांकडे पाहत राहिला, आणि त्याचा हात आपोआप कमरेमागे गेला.

गुरुजी म्हणाले, "आधी काऊन नाई सांगतलं बाप्पा?"

"भेव वाटे."

"कोनाचं?"

तिथे उभ्या असलेल्या माणसांचंच भेव होतं, ते त्यांना काय सांगू.

परतीच्या गाडीत वामन खिडकीशी बसला. माझ्याशी तो पुन्हा पहिल्यासारखा बोलेल की नाही, मला सांगता येत नाही. उतरताना एवढंच म्हणाला, "बाकीचे कोठी हायेत?" मी म्हटलं, मालूम नाही. "मंग पेपरात, पुस्तकात, कोठी बी लेह. पन लेह."

म्हणून हे लिहिलं. वर्धा जिल्ह्यात, किंवा जिथे कुठे आमच्याकडचे गडी गेले असतील तिथे, कोणाच्या घरी खुंटीला गडद काळं म्यान असेल, तोंडाशी दोऱ्याची फुली असेल, तर आधी त्यातला कोयता बाहेर काढा. म्यान उलटं करून आत पाहा, राखाडी भुगा दिसेल. खालच्या कोपऱ्याशी हळूच वाकवा. वाळल्या पापडासारखा आवाज आला तर ते कमरेला लावू नका, दुसऱ्याला देऊ नका, आणि शिवायला तर मुळीच नेऊ नका.